सगळ्या सीडी सारख्या नसतात: आपल्या कपाटातल्या तबकड्यांचा इतिहास आणि एक विनंती

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

विषय आहे सीडी. हो, तीच. टीव्हीखालच्या कप्प्यात धूळ खात पडलेली, लग्नाच्या अल्बमसोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, नाहीतर शेतात पाखरं हाकलायला दोरीला टांगलेली. वरणगाव, भुसावळ, यावल, रावेर, मुक्ताईनगर, कुठेही जा, बहुतेक घरांत पाच-पंचवीस तबकड्या निघतातच. आणि भंगारवाला आला की "घेऊन जा भो एकदाच्या" म्हणून त्या देऊनही टाकल्या जातात.

थांबा. देण्याआधी एकदा उलटून बघा.

लांबून बघितली तर केळीची सगळी बाग सारखीच दिसते. पण रावेरच्या शेतकऱ्याला विचारा, तो बसराई कोणती, श्रीमंती कोणती, ग्रँड नैन कोणती ते उभ्याउभ्या सांगेल. सीडीचं तसंच आहे. बाहेरून सगळ्या गोल, चकचकीत, बारा सेंटिमीटरच्या. आतून मात्र वेगवेगळ्या जातीच्या. काही पुढची कित्येक वर्षं वाजतील. काही आजच मरायला टेकल्यात. आणि वाईट गोष्ट ही, की ज्यांच्यात आपल्या गावाचा आवाज आहे त्या नेमक्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

म्हणून हा इतिहास.

१. सीडीच्या आधी

भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज तबकडीवर घेतला. पुढची सत्तरेक वर्षं तबकडी म्हणजे कंपनीचं काम राहिलं. कोणाचा आवाज घ्यायचा हे मुंबई-कलकत्त्यात ठरायचं. खेड्यातल्या बाईचा आवाज तिथवर पोचायचा प्रश्नच नव्हता.

आपल्या बहिणाबाई चौधरींचंच बघा. आसोद्याची लेक. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात गाणी रचायच्या आणि म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती उतरवून घेतली म्हणून राहिली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. शब्द वाचले. पण वहीत आवाज मावत नाही. बाई कुठे थांबायची, कोणता शब्द ओढायची, ते कागदावर येत नाही.

१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि चित्र बदललं. कॅसेट घरी भरता येत होती. टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं की झालं. भजनी मंडळं, तमाशा, लोकगीतं, पुढाऱ्यांची भाषणं, सगळं कॅसेटवर आलं. पण कॅसेटचा फितीचा आजार सगळ्यांना माहीत आहे. फीत गुंतायची, पेन्सिल घालून फिरवायची, आणि एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी भरली की आवाजात खरखर वाढत जायची.

ही खरखर घालवायला सीडी आली.

२. खरी ऑडिओ सीडी

हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी, या दोन कंपन्यांनी मिळून १९८० मध्ये सीडीचे नियम ठरवले. त्या नियमांच्या पुस्तकाचं पुठ्ठं लाल होतं, म्हणून त्याला आजही 'रेड बुक' म्हणतात. ऑगस्ट १९८२ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरजवळच्या कारखान्यात विक्रीसाठीची पहिली सीडी निघाली. ती आबा या स्वीडिश गटाच्या गाण्यांची होती. ऑक्टोबरमध्ये जपानात सोनीचा प्लेअर बाजारात आला.

आता ती चालते कशी? गाणं चालू असताना मशीन एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजतं आणि प्रत्येक मापाचा आकडा लिहून ठेवतं. डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी वेगवेगळा. एवढे आकडे कशाला? माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि तो नीट पकडायला किमान दुप्पट वेळा मोजावं लागतं. त्यावर थोडी वाढ धरून ४४,१०० हा आकडा ठरला.

हे आकडे सीडीच्या पोटात बारीक खड्ड्यांच्या रूपात असतात. खड्ड्यांची ओळ आतून बाहेर गोल गोल जाते आणि सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरते. प्लेअरमधला लेझर किरण खालून त्यावर पडतो, परत येतो आणि त्यातून आकडे वाचले जातात. सुई नाही, घासणं नाही. म्हणून हजार वेळा वाजवली तरी झिजत नाही. आणि आकड्यांची नक्कल आकडेच असतात, त्यामुळे नीट केलेली दहावी कॉपीही पहिल्यासारखीच.

एक गोष्ट मात्र बहुतेकांना उलटी वाटते. आपण सीडीची खालची, चमकणारी बाजू जपतो आणि वरच्या, नाव लिहिलेल्या बाजूवर बिनधास्त पेन चालवतो. पण खालून सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लास्टिक असतं. तिथला बारीक ओरखडा लेझर बऱ्याचदा पार करतो, शिवाय चुकलेले आकडे भरून काढायची सोयही सीडीत असते. वरच्या बाजूला मात्र अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर लॅकरचा हात आणि शाई, एवढंच. तिथे खरवडलं तर गाणंच खरवडलं जातं. बॉलपेनने नाव लिहून कित्येकांनी आपल्याच हाताने सीडी मारल्यात.

कंपनीची सीडी साच्यातून ठोकून निघते. खड्डे प्लास्टिकमध्येच उमटलेले असतात. बरी ठेवली तर ती टिकते. सीडींमधली ही सगळ्यात दणकट जात.

३. राइट केलेली सीडी

कंपनीची सीडी आपल्याकडे फार कमी घरांत होती. कॅसेटपेक्षा ती कितीतरी महाग. आपल्या गावांत खरी सीडी शिरली ती कॉम्प्युटरच्या मागून, ब्लँक सीडीच्या रूपाने.

घरी लिहिता येणारी सीडी, म्हणजे सीडी-आर, जपानच्या ताइयो युदेन कंपनीने १९८८ मध्ये आणली. तिच्यात खड्डे नसतात. प्लास्टिक आणि चकाकत्या थराच्या मध्ये एक रंग असतो, रासायनिक रंग. राइटरचा जोरदार लेझर त्या रंगावर ठिपके भाजतो. प्लेअरला ते खड्ड्यांसारखे दिसतात. म्हणून इंग्रजीत सीडी 'बर्न करणं' म्हणतात. आपल्याकडे 'सीडी मारणं'.

यात एका भारतीय कंपनीचा मोठा वाटा आहे. मोझर बेअर. १९८३ मध्ये दिल्लीत सुरू झालेली, आधी फ्लॉपी बनवणारी. १९९९ पासून तिने सीडी-आर बनवायला घेतल्या आणि पुढे जगातल्या मोठ्या उत्पादकांत जाऊन बसली. २००७च्या सुमारास तर तिने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. पायरेटेड सीडीच्या भावात खरी सीडी.

सीडी स्वस्त, राइटर स्वस्त, मग काय! बसस्टँडजवळ, स्टेशन रोडला मोबाईल-कॉम्प्युटरची दुकानं निघाली. गिऱ्हाईक गाण्यांची यादी घेऊन यायचं. दुकानदाराचा एक प्रश्न ठरलेला असायचा: "ऑडिओ मारू का एमपीथ्री?"

हा प्रश्न साधा नव्हता. दोन वेगळ्या जातींमधला फरक त्यात होता.

४. एमपीथ्री सीडी

ऑडिओ सीडीत एक मिनिट गाण्याला साधारण दहा एमबी जागा लागते. म्हणजे ८० मिनिटांच्या सीडीत पंधरा-सोळा गाणी, खेळ खलास.

जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी यावर तोड काढली. बँडवाले दारावरून गेले की घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही ना? शिट्टी वाजलेली असते, पण मोठ्या आवाजाखाली दबते. गाण्यातही तसं होतं. जो आवाज कानाला नाही तरी ऐकू येणार नाही, तो लिहायचाच कशाला? ते काढून टाकलं की फाईल दहा-अकरा पट लहान होते. १९९५ मध्ये त्या फाईलला एमपीथ्री हे नाव मिळालं.

मग एका सीडीत दीडशे गाणी. ट्रॅक्टरवाले, काळीपिवळीवाले, ट्रकवाले, सगळ्यांना हेच पाहिजे. पण जुन्या प्लेअरला ही सीडी घातली तर तो गप्प बसायचा, कारण त्याच्या दृष्टीने ती गाण्याची सीडीच नव्हती, कॉम्प्युटरची फाईल ठेवलेली डबी होती. "सीडी खराब दिली" म्हणून दुकानात भांडणं व्हायची, त्यातली अर्धी या कारणाने.

आणि लक्षात ठेवा, काढून टाकलेला आवाज परत येत नाही. एमपीथ्रीची ऑडिओ सीडी मारली तरी गेलेलं ते गेलंच.

५. व्हीसीडी आणि आपला खानदेशी सिनेमा

१९९३ मध्ये व्हीसीडीचे नियम ठरले. तीच सीडी, पण आत चित्र आणि आवाज दोन्ही दाबून बसवलेले. चित्र थोडं पुसट, एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास मजकूर, म्हणून सिनेमाला दोन-तीन सीडी. युरोप-अमेरिकेत व्हीसीडीला फार कोणी विचारलं नाही. आशियात मात्र तिने राज्य केलं. चीन, हाँगकाँग, आणि आपण.

खानदेशाच्या उंबऱ्यावर, मालेगावात, याच काळात एक वेगळंच प्रकरण घडलं. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण बोलीने आणि बाजाराने आपल्याशी जोडलेलं. तिथल्या नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागाच्या गावातली माणसं, साधा व्हिडिओ कॅमेरा, गावातलीच गल्ली. त्यावरून पुढे एक छोटा सिनेउद्योगच उभा राहिला. २००८ मध्ये फैजा अहमद खान यांनी त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरला लागला.

मालेगावाने काढलेल्या वाटेवर मग खानदेशी विनोदी व्हीसीडींची रांग लागली. अहिराणी गाणी, कानबाईची गाणी, लग्नातली गाणी, जत्रेतले तमाशे. धुळे-जळगावच्या बाजारात ती चळतींनी दिसायची. पुस्तकांत आणि शाळेत जिला जागा नव्हती ती बोली पहिल्यांदा दुकानाच्या काउंटरवर पैसे देऊन विकत घेतली जात होती. आज यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना कोट्यवधी लोक बघतात, त्याची पायाभरणी या पुसट चित्राच्या व्हीसीडीने केली आहे. याची नोंद व्हायला पाहिजे.

अर्थात चोरीही तिथेच वाढली. २००९ मध्ये महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या कायद्यात 'व्हिडिओ पायरेट'लाही बसवलं. सीडी विकणारा आणि दादा एकाच कायद्यात!

६. ज्या आपल्यापर्यंत फारशा आल्याच नाहीत

पूर्ण माहिती हवी म्हणून सांगतो. १९९२ मध्ये सोनीने मिनीडिस्क आणली, डबीत बंद असलेली छोटी तबकडी. १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली, २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ. दोन्हींचा दावा एकच, सीडीपेक्षा बारीक आवाज. पण महाग प्लेअर, महाग स्पीकर लागायचे. लोकांना बारीक आवाज नको होता, जास्त गाणी पाहिजे होती. एमपीथ्री जिंकली. साधी डीव्हीडी मात्र घरोघरी आली, ४.७ जीबीची. लग्नाचं शूटिंग तिच्यावर मिळायला लागलं. तिचा मजकूर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे वरच्या ओरखड्याला ती सीडीपेक्षा बरी. पण घरी लिहिलेल्या डीव्हीडीतही तोच रंग असतो, हे विसरू नका.

७. कोर्टात गेलेली सीडी

आता सार्वजनिक गोष्ट. २०११ मध्ये केरळच्या एरनाड मतदारसंघातल्या निवडणुकीवर वाद झाला. प्रचारातली गाणी आणि भाषणं आक्षेपार्ह होती, असा हरलेल्या उमेदवाराचा दावा होता. पुरावा म्हणून त्याने सीडी दिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०१४ मध्ये निकाल लागला: मूळ यंत्र हजर नसेल, तर ती सीडी कशी, कोणत्या यंत्रावरून तयार झाली याचं प्रमाणपत्र सोबत पाहिजे. नाहीतर ती पुरावा म्हणून चालणार नाही. सीडी बाद झाल्या.

अन्वर विरुद्ध बशीर या नावाने हा निकाल ओळखला जातो. आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे.

आपल्यासाठी यातला धडा कोर्टापुरता नाही. आवाज एकटा पुरत नाही. कोणाचा, कधीचा, कुठे घेतला, कोणी उतरवला, हे सोबत नसेल तर तो बेवारस होतो.

८. आता काय होतंय

पेनड्राइव्ह आला, मेमरी कार्ड आलं, मग जिओ आलं. लॅपटॉपमधून सीडीचा खण गेला. २०१७ मध्ये सारेगामाने कारवां आणला, पाच हजार गाणी भरलेला डबा. तबकडीची गरजच नाही. २०१८ मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत जाऊन तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. बसस्टँडवरची सीडीची दुकानं रिचार्जची झाली, मग तीही बंद.

सिनेमाची गाणी कुठे जाणार नाहीत. ती कंपन्यांकडे आहेत. चिंता वेगळीच आहे.

साधारण २००० ते २०१५. या पंधरा वर्षांत आपल्याकडे जे काही घरगुती, गावगाड्याचं ध्वनिमुद्रण झालं, ते जवळजवळ सगळं राइट केलेल्या सीडी-डीव्हीडीवर आहे. सप्ताहातली कीर्तनं. मुक्ताईच्या पालखीतले अभंग. आखाजीला झोक्यावरची गाणी. भुलाबाईची गाणी. लग्नात म्हाताऱ्या बायांनी म्हटलेली हळदीची गाणी, जी आता म्हणणारं कोणी नाही. ग्रामपंचायतीच्या प्रचाराची गाणी. शाळेची गॅदरिंग. लेवा बोलीत बोलणारे आजोबा, पाठीमागे कॅमेरावाल्याचा आवाज.

याची दुसरी प्रत कुठल्या कंपनीकडे नाही. यूट्यूबवर नाही. फक्त तुमच्या कपाटात आहे. आणि त्या तबकडीतला रंग उजेडाने आणि उष्णतेने मरतो. आपला मे महिना तुम्हाला माहीत आहे. पत्र्याखालच्या खोलीत ४५ अंशांत पंधरा-वीस उन्हाळे काढलेल्या सीडीकडून किती अपेक्षा ठेवणार?

९. मग करायचं काय

आधी ओळखा. सीडी उलटी करा. खालची बाजू स्वच्छ चंदेरी आणि वर छापील चित्र असेल तर बहुधा कंपनीची. खाली हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असेल, लिहिलेल्या आणि कोऱ्या भागाच्या छटेत फरक दिसत असेल, वर मार्करने नाव असेल, तर ती राइट केलेली. ती आधी वाचवायची.

पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून बाहेर सरळ. गोल गोल नाही.

सीडीचा खण असलेला जुना कॉम्प्युटर शोधा, नाहीतर बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणा. आता महत्त्वाचं: ऑडिओ सीडी उघडली की 'सीडीए' नावाच्या फाईली दिसतात. लोक त्याच कॉपी-पेस्ट करतात आणि सीडी फेकून देतात. त्या प्रत्येक फाईलमध्ये फक्त ४४ बाइट असतात, गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो. सीडी गेली की पत्ता निकामी. गाणं उतरवायला 'रिप' करावं लागतं. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ती सोय आहे. उतरवताना वेव्ह किंवा फ्लॅक प्रकार निवडा, एमपीथ्री नको, म्हणजे आवाजातलं काही गळणार नाही.

व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर असतं. त्यातली 'डॅट' फाईल कॉपी करा, व्हीएलसी प्लेअरमध्ये ती चालते. एमपीथ्री सीडी आणि साधी डाटा डीव्हीडी असेल तर सरळ कॉपी. लग्नाची डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ टीएस' हे फोल्डर अख्खं उचला. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्याने वाचेल, लगेच हरू नका.

प्रती दोन करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक तुमच्याकडे, एक पुण्याच्या पोराकडे. आणि प्रत्येक फाईलसोबत चार ओळी मराठीत लिहा: कोण बोलतंय, कोणतं गाव, कोणतं वर्ष, काय कार्यक्रम. यूट्यूबवर टाकलं म्हणजे काम झालं असं समजू नका. खातं बंद झालं की सगळं गेलं.

हे होऊ शकतं याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात त्यातल्या बऱ्याच बायांचे आवाज मुद्रित केले. गाणारीचं नाव, गाव, सगळी नोंद ठेवली. दोघं मूळ संशोधक गेले, पण काम राहिलं. २०१७ पासून 'पारी' या संस्थेच्या वेबसाइटवर त्या ओव्या ऐकता येतात. जातं घरातून गेलं, आवाज राहिला. नोंद ठेवली म्हणून राहिला.

आपल्याकडे एवढी मोठी संस्था नाही, पण वाचनालयं आहेत, शाळा आहेत, नगरपरिषद आहे. एखाद्या वाचनालयात एक कॉम्प्युटर, एक ड्राइव्ह, दोन हार्ड डिस्क आणि महिन्यातून दोन रविवार बसणारी दोन पोरं, एवढ्यावर सुरुवात होते. पुतळ्यांना आणि कमानींना आपण निधी मागतो. यासाठीही मागू. आपल्या नगरसेवकाला विचारा, मीही विचारतो.

तोवर आपापल्या घरापासून सुरू करा. आणि कोणाकडे आखाजीची, भुलाबाईची, सप्ताहाची राइट केलेली सीडी असेल तर खाली कमेंटमध्ये गाव, साल आणि कार्यक्रम तेवढा लिहा. निदान कुठे काय आहे याची यादी तरी बनू द्या.